छोट्या कुत्रीचं बाळंतपण: कामं कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे चुकतं

पॉमेरियन, पग, शिह त्झू, डॅशहुंड, चिहुआहुआ. घरातल्या अशा कुत्रीला ‘एकदा पिल्लं होऊ देऊ’ असं ठरलं की बहुतेक घरांत कामं उलट्या क्रमाने होतात. आधी ओळखीतला नर सापडतो, मग मेटिंग, मग पोट दिसू लागलं की कॅल्शियमची बाटली. डॉक्टरचा शोध सुरू होतो रात्री दोन वाजता, कळा थांबल्यावर.

मोठ्या कुत्रीत यातलं बरंचसं निभावून जातं, छोटीत निभत नाही. तिच्या पोटात पिल्लं कमी असतात, त्यामुळे एकेक पिल्लू तिच्या मानाने मोठं भरतं. पगचं आणि चिहुआहुआचं डोकं रुंद आणि कमरेची वाट अरुंद. एकच पिल्लू असेल तर प्रसूती सुरू करणारा इशारा पिल्लाकडून पुरेसा जात नाही, कळाच येत नाहीत आणि दिवस उलटून जातात. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात साखर आणि ऊब दोन्हींचा साठा काही तासांपुरताच असतो.

म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. एखादा टप्पा जमणार नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: हे करायचं का

‘एकदा तरी व्यायली पाहिजे, नाहीतर आजारी पडते’ हे खोटं आहे. पिल्लं झाली म्हणून आजार टळतात असं नाही. उलट गर्भाशयात पू होण्याचा धोका आधी पिल्लं झालेल्या कुत्रीलाही राहतोच. तो टाळायचा खात्रीचा उपाय नसबंदी.

खालीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर विषय इथेच सोडा:

- वय १८ महिन्यांपेक्षा कमी, किंवा पाच-सहा वर्षं उलटली आणि पहिलीच खेप.
- जातीच्या मानाने फारच लहान चण. ‘टीकप’ म्हणून विकली जाणारी कुत्री वीण घेण्यासाठी नसतेच.
- आधीचं सिझेरियन अरुंद कमरेमुळे झालेलं.
- गुडघ्याची वाटी सारखी सरकते, हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आहे, फिट येतात, किंवा पगसारखी कुत्री चार जिने चढून घोरत-धापत बसते.
- घरात सलग तीन आठवडे रात्रंदिवस हजर राहू शकेल असं कोणी नाही.

विक्रीसाठी पिल्लं काढणार असाल तर केंद्र सरकारचे २०१७ चे श्वान प्रजनन नियम लागू होतात. राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कुत्री १८ महिन्यांवरची आणि तपासून तंदुरुस्त ठरलेली हवी. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आठ वर्षांनंतर अजिबात नाही. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. आमच्या मते घरच्या कुत्रीला पाचाचा आकडा फार मोठा आहे, एक किंवा दोन वेतांवर थांबावं.

## टप्पा २: कुत्रीच्या तपासण्या, माज येण्याच्या दोन महिने आधी

माजावर आल्यावर तपासण्या सुरू केल्या तर काहीच सुधारता येत नाही. आदल्या माजाची तारीख डायरीत असेल तर पुढची साधारण सहा ते आठ महिन्यांनी धरा आणि त्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी दवाखानेही पुष्कळ आहेत. कुठेही गेलात तरी यादी हीच:

रक्त, प्लेटलेट्ससकट. आपल्याकडे गोचीड बारमाही आहे आणि गोचीडताप अंगात दबून राहतो. कुत्री वरून ठणठणीत दिसते, प्लेटलेट्स मात्र उतरलेल्या असतात. मग प्रसूतीत किंवा सिझेरियनमध्ये रक्त थांबत नाही. शिवाय या तापावरचं नेहमीचं औषध, डॉक्सिसायक्लिन, गाभण कुत्रीला सहसा देत नाहीत, पिल्लांच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. म्हणजे उपचाराची वेळ मेटिंगआधीचीच.

ब्रुसेला. हा जिवाणू मेटिंगमधून पसरतो, उशिरा गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. रिपोर्ट येईपर्यंत मेटिंग नाही.

लसी आणि जंत. लस मेटिंगच्या आधी पूर्ण करा, कारण गाभणपणी जिवंत विषाणूंची लस देत नाहीत. पिल्लांना पहिल्या दिवशी मिळणारं संरक्षण आईच्या लसीतूनच चिकात उतरतं.

गुडघे, हृदय, डोळे, श्वास. गुडघ्याच्या वाटीची ग्रेड कागदावर लिहून घ्या. ‘थोडीशी सरकते’ या शब्दांना अर्थ नाही.

वजन. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसायला नकोत. लठ्ठ कुत्रीच्या कळा कमजोर पडतात.

> तपासा: तंदुरुस्तीचा कागद, लसीचं कार्ड आणि ब्रुसेलाचा रिपोर्ट तिन्ही एका फाइलीत आहेत? नसतील तर नराच्या घरी फोन करू नका.

## टप्पा ३: नर निवडताना

नर कुत्रीपेक्षा अंगाने मोठा नको, बरोबरीचा किंवा किंचित लहान बरा. त्याच्या आई-बापाचा आकारही विचारा, कारण लहान दिसणाऱ्या नराचीही पिल्लं आजोबांवर जाऊ शकतात. जवळच्या नात्यातला नर नको. दोघांचाही रंग मर्ल, म्हणजे ढगाळ ठिपक्यांचा, असेल तर जोडी लावू नका. बहिरी-आंधळी पिल्लं निघतात.

नराच्याही सगळ्या तपासण्या हव्यात. त्याच्या लिंगाच्या टोकातून अधूनमधून रक्ताचे थेंब पडत असतील तर तो मेटिंगमधून पसरणारा ट्यूमर असू शकतो. मोकाट कुत्र्यांत तो सर्रास आढळतो, आणि गल्लीत मोकळा फिरणारा पाळीव नरही तो घरी आणतो.

व्यवहार पिल्लाच्या बोलीवर, म्हणजे नराच्या मालकाला पैशांऐवजी एक पिल्लू, असा ठरत असेल तर एक ओळ लिहून घ्या: एकच पिल्लू झालं तर ते कोणाचं? छोट्या जातीत हा प्रश्न नेहमी येतो आणि नेमका तेव्हाच दोन्ही घरं भांडतात.

## टप्पा ४: महिन्याचा हिशेब

हा हिशेब नागपूरचा आहे. मार्चच्या शेवटापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दुपारी बाहेर पडायची सोय नसते. मेमध्ये पारा ४५ वर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, त्याच्याही पुढे. १ मार्चला मेटिंग झालं तर ६३ दिवस मोजून प्रसूती ३ मेच्या आसपास. चपट्या नाकाची कुत्री त्या उन्हात कळा देताना स्वतःचं अंग थंड ठेवू शकत नाही. धापा टाकते, तापते आणि पिल्लांसकट जाते.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आलेला माज सोडून द्या. पुढचा माज ऑगस्टच्या सुमारास येईल, तो बरा. ऑक्टोबरमधली प्रसूती हवेच्या दृष्टीने उत्तम, फक्त दिवाळीची तारीख कॅलेंडरवर बघून घ्या. फटाक्यांच्या आठवड्यात नवी आई पिल्लं तोंडात धरून घरभर फिरते, त्यांच्यावर बसते, क्वचित मारतेही. घरातली सगळ्यात आतली खोली ठरवून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीची वीण चालते. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, पण थंड खोली उबदार करणं सोपं असतं. तापलेली खोली कूलरने थंड करताना लाइट गेली तर हातात काही राहत नाही.

## टप्पा ५: माज आणि मेटिंगचा दिवस

‘रक्त दिसल्यापासून अकरावा दिवस’ हा ऐकीव हिशेब आहे. काही कुत्र्यांत बीज सातव्या दिवशी सुटतं, काहींत विसाव्या. दिवस चुकला की एक तर पिल्लं राहत नाहीत, नाहीतर एखादंच राहतं. आणि एकच पिल्लू म्हणजे सिझेरियनची तयारी.

1. रक्त दिसल्याची तारीख लिहा. काही कुत्र्या इतकं चाटून घेतात की कळत नाही. रोज सकाळी पांढरा टिश्यू लावून बघा.
2. पाचव्या-सहाव्या दिवसापासून डॉक्टरांकडून योनीचा स्मिअर (पेशींचा नमुना) आणि दर दोन-तीन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी. दर वेळी लॅब तीच ठेवा, लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत.
3. प्रोजेस्टेरॉन साधारण ५ नॅनोग्रॅम प्रति मिलीवर आलं की बीज सुटलं असं धरतात. ते पिकायला आणखी दोन दिवस लागतात. मेटिंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि जमल्यास एक दिवस सोडून पुन्हा एकदा.
4. कुत्रीला नराच्या घरी न्या, नराला कुत्रीच्या घरी नाही. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर, रिकाम्या पोटी.
5. दोघं अडकली की पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तशीच राहतात. ओढू नका, पाणी टाकू नका. छोटी कुत्री बसू पाहते, तिच्या पोटाखाली हात धरा.

बीज सुटल्याची तारीख डायरीत लाल पेनने लिहा. पुढचं सगळं याच तारखेवर चालतं. या तारखेपासून प्रसूती ६३ दिवसांवर, एक-दोन दिवस मागेपुढे. नुसती मेटिंगची तारीख धरली तर हा अंदाज ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत पसरतो आणि सिझेरियन कधी करायचं हे कोणालाच सांगता येत नाही.

> इशारा: माजाचे तीन आठवडे कुत्री गच्चीवर, अंगणात एकटी नको. गल्लीतल्या मोठ्या कुत्र्याशी चुकून मेटिंग झालं तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना गाठा. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नका. ‘पोट पाडायचं’ इस्ट्रोजेनचं इंजेक्शन मागूही नका, त्याने अस्थिमज्जा आणि गर्भाशय दोन्ही बिघडू शकतात.

## टप्पा ६: गाभणपणाचे नऊ आठवडे

पहिले चार-पाच आठवडे खाण्यात काहीही बदल नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक-दोन दिवस जेवण सुटतं, घाबरू नका. २५ ते ३० व्या दिवशी सोनोग्राफी करा. गर्भ आहेत का आणि त्यांचे ठोके दिसतात का, एवढं कळतं. पिल्लांची संख्या सोनोग्राफीवरून धरू नका, चुकते.

सहाव्या आठवड्यापासून पिल्लांसाठीचं चांगलं कोरडं खाणं सुरू करा आणि प्रमाण हळूहळू वाढवत शेवटी नेहमीच्या सव्वा ते दीडपट न्या. शेवटी पोटात जागाच राहत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

आता ती बाटली. गाभणपणी कॅल्शियमचं सिरप किंवा गोळ्या देऊ नका. ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते आणि प्रेमापोटी होते. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून कॅल्शियम काढून देणारी गळ्यातली ग्रंथी सुस्तावते. मग पिल्लं पिऊ लागली आणि अंगातलं कॅल्शियम झपाट्याने ओढलं जाऊ लागलं की ती वेळेत जागी होत नाही. कुत्री फिट येऊन कोसळते. चांगल्या खाण्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतं.

दुसरी प्रेमळ चूक म्हणजे बाळंतिणीचे लाडू. डिंकाच्या लाडवात मनुका-बेदाणे असतात आणि ते कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. आजीला हे आधीच सांगून ठेवा.

जंताचं औषध गाभणपणाच्या उत्तरार्धात डॉक्टर वजनावर ठरवून देतात, कारण गोल जंत आईच्या पोटातच पिल्लांत जातात. गोचिडाचं औषध, पेनकिलर, स्टिरॉइड, यातलं काहीही स्वतःच्या मनाने नको.

५५ व्या दिवसानंतर एक्स-रे. तो चुकवू नका. आता हाडं दिसतात, डोकी मोजता येतात आणि सगळ्यात मोठं डोकं कमरेच्या वाटेतून जाईल का याचा अंदाज येतो. पिल्लं किती हे माहीत नसेल तर प्रसूती संपली की थांबली हे ओळखता येत नाही.

> तपासा: एक्स-रेत एकच पिल्लू, किंवा जात पग-फ्रेंच बुलडॉगसारखी? डॉक्टरांशी ठरवून सिझेरियनचा विचार आत्ताच करा. मुहूर्त बघून तारीख घेऊ नका. दोन दिवस लवकर काढलेल्या पिल्लांची फुफ्फुसं तयार नसतात.

## टप्पा ७: पेटी, सामान आणि रात्रीचा फोन

प्रसूतीच्या दहा दिवस आधी पेटी मांडा आणि कुत्रीला तिथे झोपायची सवय लावा. पाय ताणून आडवी झाली तरी थोडी जागा उरेल एवढी लांबी. आतल्या भिंतींना जमिनीपासून पाच-सात सेंटीमीटरवर एक दांडी ठोका, म्हणजे आई भिंतीला टेकली तरी मागे सापडलेलं पिल्लू चेंगरत नाही. खाली वर्तमानपत्रं, वर जुनी सुती चादर. दोरे निघालेली गोधडी नको, पिल्लांच्या नख्या आणि पाय अडकतात. फिनेलने पुसू नका. साबण आणि गरम पाणी पुरेसं आहे.

ऊब एका बाजूने द्या, आईला सरकायला थंड कोपरा हवा. घरोघरी आता एलईडी आहेत आणि एलईडी तापत नाही, तेव्हा जुना तारेचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवा आधीच आणून ठेवा. हवेचा थर्मामीटर भिंतीवर लावू नका, पिल्लांच्या उंचीवर ठेवा. कूलर चालू असेल तर त्याचा झोत पेटीवर येता कामा नये.

सामान: डिजिटल थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, आठ-दहा जुने सुती नॅपकिन, तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा, उकळलेला जाड दोरा, कात्री, पोव्हिडोन आयोडीन, वेगवेगळ्या रंगांची लोकर (पिल्लं ओळखायला, गळ्यात सैल), पिल्लांच्या दुधाची पावडर, गरम पाण्याची पिशवी आणि वेळ लिहायला वही.

आणि फोन. निदान दोन दवाखान्यांना आजच विचारा: रात्री दोनला सिझेरियन होईल का? भूल देणारा माणूस येतो का? खर्च किती, आगाऊ किती? ‘आणा, बघू’ हे उत्तर नव्हे. त्या रस्त्याने एकदा रात्री गाडी काढून बघा. मनीषनगर-बेशाकडून निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ नकाशावर आणि रात्री सारखा नसतो.

## टप्पा ८: प्रसूती

५७ व्या दिवसापासून सकाळ-दुपार-रात्र गुदद्वारातलं तापमान घ्या आणि लिहा. नेहमी १०१ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. ते ९९ च्या खाली उतरलं की साधारण २४ तासांत प्रसूती. ही घसरण काही तासच टिकते, म्हणून दिवसातून एकदाच घेतलं तर हातातून सुटते.

पहिली अवस्था, ६ ते १२ तास, पहिलटकरणीत २४ पर्यंत. चादर उकरणं, थरथर, धापा, जेवण नको, मधूनच उलटी. कळा आत चालू असतात, बाहेर दिसत नाहीत. इथे तुम्ही काही करायचं नसतं. शेजारच्यांना बोलावू नका, व्हिडिओ कॉल नको. घाबरलेल्या कुत्रीच्या कळा थांबतात.

दुसरी अवस्था. पोट आवळून जोर करते, मागे पाणमोट दिसते, पिल्लू येतं. जवळपास चाळीस टक्के पिल्लं मागचे पाय पुढे करून येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अडचण आहे ती फक्त शेपूट आणि ढुंगण आधी दिसून पाय आत दुमडलेले असतील तेव्हा.

आईने पाणमोट मिनिटभरात फाडली नाही तर तुम्ही फाडा, तोंडाकडून. फुग्याने आधी तोंड, मग नाक ओढा. पिल्लाचं डोकं किंचित खाली धरून सुक्या नॅपकिनने पाठ आणि बरगड्या जोरात चोळा. रडू आलं पाहिजे. पिल्लू हातात धरून झोके देऊन झटकायची जुनी पद्धत वापरू नका, मेंदूत रक्तस्राव होतो. छातीवर बोट ठेवून ठोका लागत असेल तर पंधरा-वीस मिनिटं चोळत राहा, उबेत. नाळ पोटापासून दीड सेंटीमीटरवर दोऱ्याने बांधा, त्याच्या पलीकडे कापा, आयोडीनमध्ये बुडवा. वेळ, वजन, रंग आणि वार पडली का, चार गोष्टी वहीत. जितकी पिल्लं तितक्या वारा. एखाद-दुसरी आईने खाल्ली तर चालते, सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात.

पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलं तर: स्वच्छ हाताला जेली लावा, पातळ कापडाने त्याच्या खांद्याची किंवा कमरेची कातडी धरा, एकच पाय कधीच नाही. कळ येईल तेव्हाच ओढा, आणि सरळ मागे न ओढता आईच्या मागच्या पायांमधून पोटाकडे, खालच्या बाजूला वळवत. कळ थांबली की तुम्हीही थांबा. पाच मिनिटांत निघालं नाही तर गाडी काढा.

लगेच निघायचं, फोन वाटेतून करायचा:

- तापमान उतरून २४ तास झाले, कळा नाहीत.
- जोरदार कळा २० ते ३० मिनिटं, पिल्लू नाही.
- हलक्या, तुटक कळा दोन तास.
- पहिल्या पिल्लाच्या आधी हिरवा-काळा स्राव. वार सुटल्याची ही खूण आहे, आतलं पिल्लू गुदमरतंय. पहिल्या पिल्लानंतर तोच रंग नेहमीचा.
- एक्स-रेप्रमाणे पिल्लं उरलीत आणि दोन तास काहीच हालचाल नाही.
- बीज सुटल्यापासून ६५ दिवस, किंवा तारीख माहीत नसेल तर पहिल्या मेटिंगपासून ७० दिवस उलटले.
- ताजं लाल रक्त वाहतंय, किंवा कुत्री मलूल पडली.

> इशारा: ऑक्सिटोसिन, म्हणजे म्हशीला पान्ह्यासाठी टोचतात ते इंजेक्शन, घरी देऊ नका आणि कोणी कंपाउंडर देतो म्हणाला तर हाकला. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं. आधी सोनोग्राफीत पिल्लांचे ठोके बघतात. मिनिटाला २०० च्या वर ठीक, १८० च्या खाली उतरले तर पिल्लू त्रासात आहे.

जन्मलेली पिल्लं सोबत न्या, पण वेगळ्या खोक्यात, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीवर. गाडीत आईजवळ ठेवली तर तिच्याच अंगाखाली येतात.

## टप्पा ९: पहिले तीन दिवस

क्रम पक्का ठेवा: आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाला पाजू नका. अंग ९४ फॅरेनहाइटच्या खाली असेल तर आतडं चालत नाही, पाजलेलं दूध तसंच पडून राहतं, फुगतं, फुफ्फुसात जातं. थर्मामीटरवर ‘लो’ आलं तर समजा फारच थंड आहे. तुमच्या छातीला लावून किंवा उबदार पिशवीजवळ एक ते तीन तासांत हळूहळू गरम करा. एकदम तापवलेलं पिल्लूही मरतं.

पेटीत पहिला आठवडा २९ ते ३२ सेल्सियस. पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करत असतील तर थंडी आहे. लांब लांब पसरून रडत असतील तर उकडतंय.

पहिल्या १२ तासांत प्रत्येक पिल्लाला आईचा चीक मिळालाच पाहिजे, २४ तासांनंतर आतडं तो शोषत नाही. टॉर्चने टाळू बघा. फाटकी असेल तर दूध नाकातून येतं. शी-शूची जागा आहे का तेही बघा.

वजन रोज दोनदा, त्याच काट्यावर. पहिल्या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत घट चालते. १२० ग्रॅमच्या पिल्लात ती १२ ग्रॅम, म्हणजे अडीच छोटे चमचे पाणी. डोळ्यांना हे दिसत नाही, काट्याला दिसतं. दुसऱ्या दिवसापासून वाढ हवी, आठ-दहा दिवसांत दुप्पट. एक दिवस वजन अडलं तर वरचं दूध, दोन दिवस अडलं तर डॉक्टर.

वरचं दूध म्हणजे पिल्लांची पावडर. गाईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कुत्रीच्या दुधापेक्षा बरेच कमी आणि लॅक्टोज जास्त, म्हणून नुसत्या त्यावर पिल्लं जुलाब करत वाळतात. एका वेळी शंभर ग्रॅम वजनामागे चार मिली, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पिल्लू पालथं धरून पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालची जागा पुसा, त्याशिवाय त्यांना शू होत नाही.

## टप्पा १०: आईवर नजर, पहिले चार आठवडे

घरचे पिल्लांत रमतात आणि आई सुटते. दुधाचा ताप, म्हणजे अंगातलं कॅल्शियम एकदम उतरणं, याच काळात येतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सगळं छान चाललंय असं वाटत असताना. सुरुवात साधी असते: उगाच धापा, अस्वस्थपणा, पिल्लांजवळ बसेना. मग ताठ पायांनी चालणं, चेहरा थरथरणं, मग फिट. ताप १०५ च्या पुढे जाऊ शकतो.

‘उकडत असेल’ म्हणून अर्धा दिवस घालवू नका. पिल्लं बाजूला करा आणि निघा. शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावं लागतं, ते घरचं काम नाही. फिट चालू असताना तोंडात काहीही घालू नका. नंतर २४ तास तरी पिल्लं वरच्या दुधावर, आणि पुढे किती पाजायचं ते डॉक्टर ठरवतील.

रोज सकाळी सड हाताने चाचपा. एखादा कडक, गरम, लालसर-जांभळा असेल तर स्तनदाह. स्राव तपकिरी-लालसर आणि दिवसेंदिवस कमी होणारा असावा. वास मारत असेल, ताप असेल, खात नसेल तर वार आत राहिली असू शकते. पाजणाऱ्या आईचं खाणं नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, भांडं भरलेलंच ठेवा.

## टप्पा ११: तिसऱ्या आठवड्यापासून निरोपापर्यंत

दोन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला जंताचं औषध, काट्यावरच्या वजनाप्रमाणे. साडेतीन-चार आठवड्यांना पातळ खिमट सुरू. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस. रेबीजची लस तीन महिन्यांना, नव्या मालकाच्या कार्डावर ती तारीख तुमच्याच हाताने लिहा. पार्व्होमुळे (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणू) लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू जमिनीवर बाहेर नको, आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांच्या चपला दाराबाहेर.

आठ आठवड्यांचं छोटं पिल्लू नव्या घरात जातं, भेदरतं, एक-दोन जेवणं सोडतं आणि साखर उतरून लुळं पडतं. देताना नव्या मालकाला नेहमीच्या खाण्याची चार दिवसांची पुडी द्या आणि लिहून द्या: दिवसातून चार वेळा खाणं. डुलत चालायला लागलं, झोपेतून उठेना, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि दवाखान्यात न्यायचं. नुसतं मध चोळून झोपवायचं नाही. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

दूध आटून आई पूर्ववत झाली की नसबंदीची तारीख घ्या, पुढचा माज येण्याआधी. पुन्हा वीण घ्यायची नसेल तर ही तारीख त्याच डायरीत लाल पेनने लिहा. त्याआधी माज आला आणि पुढच्या दोन महिन्यांत ती फार पाणी पिऊ लागली, खाईना, पोट फुगलं, तर पू झाल्याची शंका घ्या. मागून काहीच वाहत नसलं तरी त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या.